चव्वेचाळीसने पुढे

आमच्या घरी रोज सकाळी दहा वाजता कॉलिंगवूडचा संघ मैदानात उतरायचा आणि जेवणाची पानं घेईपर्यंत हरायचा. मॅच १९७० सालची, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातली, तिकडच्या फुटबॉलची फायनल. बघायची मात्र मुलुंडला, माझ्या टीव्हीवर, माझ्या खुर्चीत बसून. बघणारे गृहस्थ म्हणजे आर्थर आजोबा, माझ्या होणाऱ्या जावयाचे आजोबा. ही मॅच केव्हाच संपून गेली आहे, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आजोबांना.

माझी मुलगी अक्षता मेलबर्नला फिजिओथेरपिस्ट आहे. तिकडेच तिने ल्यूक नावाचा मुलगा जमवला. पहिल्यांदा फोनवर त्याने "नमस्कार बाबा" म्हटलं तेव्हा मी विरघळलो, असं माझी बायको वनमाला सगळ्यांना सांगत फिरते. साफ खोटं. मी अख्खी नोकरी साकीनाक्याच्या कारखान्यात फोरमन म्हणून काढली. तिथे विरघळणारा माणूस टिकत नाही. आणि माफी मागणं तर आम्हा परबांच्या रक्तातच नाही. मोडेन पण वाकणार नाही. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी जयवंत याला मी भर सभेत दुधी भोपळा म्हणालो होतो. माफी माग म्हणून तो अजून माझ्या मागे आहे. बसू दे मागत.

तर ल्यूकचे आईवडील तो लहान असतानाच गेले. वाढवलं ते या आजोबांनी. त्यामुळे लग्न मुलुंडला करायचं ठरलं तेव्हा वरपक्ष म्हणून विमानातून उतरले ते दोघंच, ल्यूक आणि आजोबा. आजोबा उंचेपुरे, डोक्यावर हॅट, गळ्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लोकरी मफलर. आठवण मात्र पार विरलेली. नातवाला ओळखायचे. मला त्यांनी पहिल्या दिवशी प्लंबर समजून बाथरूममधला गळका नळ दाखवला. नळ खरंच गळत होता, म्हणून मी तो दुरुस्त केला.

आणि रोज दहा वाजता त्यांना वाटायचं, आज फायनल आहे. मग ल्यूकने बरोबर आणलेलं त्या मॅचचं रेकॉर्डिंग लावावं लागायचं.

हा खेळ म्हणजे काय, ते मला अजून धड कळलेलं नाही. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळतात. चेंडू लांबट, नारळासारखा. मैदान क्रिकेटचं. एकेका बाजूला अठरा माणसं आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा पॉइंट. हुकून बाजूच्या खांबांमधून गेला, तरी एक पॉइंट. म्हणजे चुकल्याचंही बक्षीस! आमच्या कारखान्यात हा नियम असता तर निम्मी माणसं बंगल्यात राहिली असती. खांबांपाशी पांढरा कोट घातलेला एक इसम डॉक्टरसारखा उभा असतो आणि गोल झाला की दोन झेंडे हलवतो.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ते कॉलिंगवूड, म्हणजे आजोबांचे. समोर कार्लटन. हाफ टाइमला कॉलिंगवूड चव्वेचाळीस पॉइंटांनी पुढे असतात. त्या वेळी आजोबांसारखा सुखी माणूस मुलुंडमध्ये दुसरा नसायचा. ते उठून सगळ्यांशी हात मिळवायचे, वनमालाचे घावणे मागून मागून खायचे, दूध टाकायला आलेल्या माणसालासुद्धा मिठी मारायचे. मग कार्लटनवाले राखीव बाकावरचा एक बारकासा खेळाडू उतरवायचे आणि तो गोलावर गोल ठोकत सुटायचा. शेवटी दहा पॉइंटांनी कॉलिंगवूड गारद.

आजोबा हॅट उचलायचे, खोलीत जायचे, आतून कडी लावायचे. जेवण नाही, चहा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर यायचे ते ताजेतवाने, कारण आज फायनल. आमच्या घराला रोज दुपारी नवं सुतक लागायचं आणि रोज सकाळी फिटायचं. मॅच संपत आली की वनमाला भाताचा कुकर लावायचीच नाही. म्हणायची, "ते उपाशी आणि आपण काय गिळायचं?"

हे लग्न होईपर्यंत सोसलं असतं. पण गुरुजींनी मुहूर्त काढला तो दुपारी पाऊण वाजताचा. म्हणजे कॉलिंगवूड नेमकं हरून आजोबांनी कडी लावायची वेळ.

"मुहूर्त बदलून घेऊ या," मी म्हटलं. गुरुजी म्हणाले, नंतरचा थेट मे महिन्यात. ल्यूकला तेवढी रजा नव्हती.

अक्षताने मला गॅलरीत नेलं. "बाबा, एक सांगून ठेवते. आजोबा मांडवात नसतील तर मी माळ घालणार नाही. ल्यूकला दुसरं कुणी नाहीये. त्याच्या बाजूला कुणीच उभं नाही, असं लग्न मला नकोय."

पोरीचा आवाज फुटला. मी फक्त "बघतो" एवढंच म्हणालो.

पहिला उपाय साधा होता. हाफ टाइमला टीव्ही बंद. चव्वेचाळीसने पुढे आहेत, खूश आहेत, तिथेच थांबा. पण आजोबांनी बूट घातले आणि उरलेली मॅच बघायला मैदानाकडे निघाले. आम्हाला कळेपर्यंत ते रिक्षात बसून गेलेसुद्धा. त्यांनी सांगितलं होतं मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. रिक्षावाल्याला त्यातलं क्रिकेट ग्राउंड तेवढं कळलं. त्याने इमानदारीत मीटर टाकून त्यांना जवळच्या मैदानावर सोडलं. आम्ही पोचलो तेव्हा आजोबा तिथल्या पोरांना विचारत होते की बाकीचे सव्वा लाख लोक कुठे गेले.

दुसरा उपाय सुबोधचा. सुबोध माझा भाचा, गोरेगावला मालिकांचं एडिटिंग करतो. "मामा, टेन्शन नको घेऊस यार. दहा पॉइंट काय, शंभरने जिंकवतो." त्याने पहिल्या अर्ध्यातले कॉलिंगवूडचे गोल कापून शेवटाला चिकटवले. झकास काम. आम्हीसुद्धा टाळ्या पिटल्या. आजोबा मात्र खुर्चीत ताठ बसले आणि तांबडेलाल झाले. ल्यूकने सांगितलं, "ते विचारतायत, दुपारची सावली संध्याकाळी कशी पडली?"

मी निरखून बघितलं. खरंच की. खेळाडूंच्या सावल्या हळूहळू लांब होत आल्या होत्या, आणि शेवटच्या गोलांत एकदम आखूड झाल्या. निकाल विसरणारा माणूस सावल्या विसरला नव्हता. त्यांना जिंकायचं होतं, पण कुणी फसवून दिलेलं नको होतं. मला तो म्हातारा त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. सुबोधला मी घरातून हाकललं.

तिसरा उपाय धाकूमामांचा. धाकूमामा म्हणजे वनमालाचे मामा, मालवणकडचे, लग्नासाठी आधीच येऊन राहिलेले. गावात कुठलंही कार्य असलं की देवाला गाऱ्हाणं घालायला त्यांनाच बोलावतात. त्यांनी सकाळीच टीव्हीसमोर नारळ ठेवला.

"मामा, ती मॅच होऊन गेलीय," मी म्हटलं.

"तुका होऊन गेलेली. देवाक खंय क्यालेंडर असता?" मामा म्हणाले आणि सुरूच झाले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. सवयच तशी. समोरून गाऱ्हाणं सुरू झालं की तोंडातून आपोआप निघतं.

"आज तुझ्या लेकराच्या घराक सात समुद्रापलीकडचो पावणो इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेची ती पट्ट्यापट्ट्यांची टीम रोज जिंकान जिंकान हरता. तिच्यामागे जी काय इडा-पिडा असात, ती दूर कर, आणि त्या दहा पॉइंटांचा काय ता तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आजोबाही ओरडले. त्यांना वाटलं, ही कॉलिंगवूडची घोषणा आहे.

कॉलिंगवूड दहानेच हरलं. मामा नारळ उचलत म्हणाले, "आज नवान हरले."

"दहानेच हरले, मामा."

"हळूहळू होतला."

लग्नाचा दिवस उजाडला. हॉलवर आम्ही फोटो दाखवायचा मोठा पडदा घेतला होता, त्यावर मॅच लावायची असं ठरलं. निदान त्या निमित्ताने आजोबा हॉलवर तरी आले. लग्नात गळ्यात काळं कसं चालेल म्हणून आमच्याकडच्या बायका कुजबुजायला लागल्या, तेव्हा वनमालाने मफलरच्या टोकाला हळदीचं बोट लावलं आणि विषय मिटवला.

पण खरा घोळ वेगळाच झाला, आणि तोही वनमालाचाच. हॉलची डावी बाजू मुलाकडच्यांची, आणि तिथे खुर्च्या रिकाम्या. बरं दिसत नाही म्हणून तिने सोसायटीची आमच्या मजल्यावरची सगळी माणसं मुलाकडचे म्हणून तिकडे बसवली. "तेवढंच भरल्यासारखं वाटेल हो." आणि त्यांचा म्होरक्या, मुलाचा मामा म्हणून, कुणाला नेमावं? जयवंतला. दुधी भोपळ्याला!

माणूस मुलाकडचा झाला की त्याचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. काल माझ्याकडे वाटीभर साखर मागणाऱ्या बाई आज मला विचारत होत्या, "आमच्याकडच्यांना अजून सरबत आलं नाही?" आमच्या बिल्डिंगच्या टाकीत पाणी सोडणारा नितेश फेटा बांधून, पाय पसरून बसला होता आणि मला "अहो मुलीकडचे" अशी हाक मारत होता. जयवंत तर कमरेवर हात ठेवून मांडवभर फिरला आणि म्हणाला, "व्यवस्था ठीक आहे, पण ठीकच."

मी दात ओठ खाल्ले आणि मॅच लावली.

पहिल्या अर्ध्या वेळात हॉलमध्ये नुसता आनंदीआनंद. डावी बाजू कॉलिंगवूडची, कारण वरपक्षाची टीम. उजवी बाजूही कॉलिंगवूडचीच, कारण मुलाकडच्यांचा मान राखायचा. कार्लटनच्या बाजूने कुणीच नव्हतं. प्रत्येक गोलला सनईवाले एक सूर लावत होते. हाफ टाइमला आजोबांनी गुरुजींना मिठी मारली.

मग तो राखीव बाकावरचा खेळाडू उतरला आणि हॉल शांत होत गेला. मला गंमत वाटत होती ती ही की सगळ्यांना निकाल ठाऊक होता. जिन्यात, लिफ्टमध्ये, सगळीकडे ही गोष्ट कितीदा चघळून झाली होती. तरीही माणसं खुर्चीच्या कडेला आली होती. गुरुजी मंगलाष्टकांचं पुस्तक उलटं धरून "अरे धर, धर त्याला" म्हणत होते. वनमालाने देवाला हात जोडले होते. मीसुद्धा... जाऊ दे.

दहा पॉइंटांनी हरले. आजोबांनी हॅट उचलली, वरपक्षाच्या खोलीत गेले आणि कडी लावली.

ल्यूक बाहेरून हाका मारून थकला. मग मुंडावळ्या सोडून दाराशी खाली बसून राहिला. अक्षता हिरव्या शालूत त्याच्या शेजारी. गुरुजी घड्याळ बघायला लागले. आणि या सगळ्यात जयवंत माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मागे अख्खा आमचा मजला.

"मधुकर, हे काही बरं झालं नाही. मुलाकडचे तुमच्या मांडवात हरले."

"मग मी काय करू? मी खेळलो का ती मॅच?"

"ते आम्हाला माहीत नाही. वरपक्षाचे आजोबा रुसलेत. मुलीच्या बापाने माफी मागायला हवी."

"अरे, १९७० साली मी चड्डीत होतो!" मी इतका मोठ्याने ओरडलो की सनई बंद पडली. "मुलुंडला पाऊलही ठेवलं नव्हतं! ते चव्वेचाळीसने पुढे असताना माती खातात, आणि माफी मी मागू?"

धाकूमामांनी माझा दंड धरला आणि मला बाजूला नेलं. ते रागावले नव्हते. "मधू, आमच्या आज्यावर एका लग्नात व्याही रुसलो. कित्याक रुसलो ता कोणाक ठाऊक नाय. आज्यान इचारूकच नाय. वराकडचो माणूस रुसलो तर कारण इचारीत नाय रे. हात जोडतत."

मी अक्षताकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कडी लावलेल्या दाराकडे बघत होती, आणि तिने ल्यूकचा हात घट्ट धरला होता. मला कळलं की ही खरंच माळ घालणार नाही. माझीच पोर आहे. मोडेल पण वाकणार नाही.

मी वनमालाकडून शाल आणि नारळ घेतला आणि दारापाशी गेलो. सगळा हॉल माझ्या मागे. शाल-नारळासकट हात जोडले. या कामाची सवयच नव्हती. शेवटी म्हटलं, "आजोबा, चुकलं."

अक्षताने ते दाराला तोंड लावून इंग्रजीत सांगितलं.

"आमच्याकडून चुकलं," मी पुढे म्हणालो, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. "हाफ टाइमला एवढं पुढे असताना आम्ही गाफील राहिलो. आपण जिंकलोच असं धरून बसलो. तुम्ही तिथे एवढ्या विश्वासाने बसला होतात, घावणे खात होतात, लोकांना मिठ्या मारत होतात. आणि आम्ही तुम्हाला तोंडघशी पाडलं. रोज पाडतो. एकदाही कुणी येऊन विचारलं नाही की बाबा, तू जेवलास का. माफ करा. मी हात जोडतो."

माझे डोळे भरून आले होते. कॉलिंगवूडसाठी! मला स्वतःचाच राग आला, पण डोळे काही ऐकेनात.

आतून आजोबा काहीतरी म्हणाले. अक्षता वळली. "ते विचारतायत, तुम्ही क्लबकडून आलात का?"

याच माणसाने मला एकदा प्लंबर केलं होतं. आता क्लब व्हायला काय हरकत होती?

"हो म्हण," मी म्हटलं. "क्लबकडूनच आलोय."

अक्षताने तेही दाराला सांगितलं. मग कडी निघाली. आजोबा दारात उभे होते, डोळे लाल, हॅट हातात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सावकाश काहीतरी बोलले. ल्यूक ते मराठीत सांगायला लागला आणि अर्ध्यातच त्याने आजोबांचा हात धरला. शेवटी अक्षताने सांगितलं.

"ते म्हणतायत, इतकी वर्षं झाली. क्लबमधून कधी कुणी आलं नव्हतं."

मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. नारळ हातात दिला तर त्यांनी तो फिरवून बघितला, लांबट आहे याची खात्री करून घेतली आणि खेळाडूसारखा काखेत घट्ट धरला. तसेच चालत मांडवात गेले आणि ल्यूकच्या उजव्या हाताला उभे राहिले. गुरुजींनी धावतपळत अंतरपाट धरला. मुहूर्त साधला. माझ्या पोरीने माळ घातली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या बाजूला हक्काचं माणूस होतं, आणि ते मीच आणून उभं केलं होतं, ही गोष्ट मी आता मरेपर्यंत सांगणार आहे.

व्याहीभेटीला आजोबांनी मला कवेत घेतलं आणि पाठीवर थोपटत राहिले. मी त्यांची समजूत घालायची तर तेच माझी घालत होते. कानात दोन शब्द म्हणाले. सगळे विचारायला लागले, काय म्हणाले, काय म्हणाले?

अक्षता डोळे पुसत मोठ्याने म्हणाली, "ते म्हणतायत, पुढच्या वर्षी!"

"लवकर या!" अख्खा हॉल गरजला. कुणाला सांगावं लागलं नाही. सवयच तशी.

जेवणाच्या पंगतीत जयवंत माझ्या शेजारी येऊन बसला. "मधुकर, आता हात जोडायची सवय झालीच आहे, तर ते दुधी भोपळ्याचंही उरकून टाक."

"तू कॉलिंगवूडचा आहेस का?" मी विचारलं आणि त्याच्या पानात एक जिलबी वाढली. यापुढे मी जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता आणि ल्यूक देवदर्शनाला गेले. दहा वाजता आजोबा खोलीतून बाहेर आले, ताजेतवाने. गळ्यात मफलर, खांद्यावर माझी शाल. शाल कुठून आली ते त्यांना आठवत नव्हतं, पण काढायलाही तयार नव्हते. मला बघून त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. आज फायनल.

मी मॅच लावली. नवा नारळ आणून बाजूला ठेवला, दुपारी दारापाशी लागेल म्हणून. स्वयंपाकघरातून एक स्टूल आणलं आणि त्यांच्या शेजारी बसलो. घावणे आले. गोल होत गेले. हाफ टाइमला आम्ही चव्वेचाळीसने पुढे होतो. आजोबांनी माझा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला.

वनमाला दारात आली. "अहो, आता तरी बंद करा. परत रडारड."

"थांब गं," मी म्हटलं. "आज काय सांगता येत नाही."